बार्बारोसा वेगळा आणि दुसरा फ्रेडरिक वेगळा, आजोबा-नातवाची गल्लत करू नका

जर्मन सम्राट फ्रेडरिक म्हटलं की डोळ्यासमोर लाल दाढीवाला बार्बारोसा येतो, आणि मग क्रुसेड (जेरुसलेमसाठी ख्रिश्चनांनी केलेली धर्मयुद्धं), जेरुसलेम, पोपशी भांडण सगळं त्याच्याच खात्यात जमा होतं. खरं तर ही दोन माणसं आहेत, पहिला फ्रेडरिक आजोबा आणि दुसरा त्याचा नातू, एकाच होहेनश्टाउफेन घराण्यातले, दोघंही पवित्र रोमन साम्राज्याचे सम्राट, दोघंही पोपशी भांडले, दोघंही क्रुसेडला गेले, मग गल्लत होणारच. (प्रशियाचा फ्रेडरिक द ग्रेट हाही 'दुसरा फ्रेडरिक'च, पण तो 18व्या शतकातला राजा, सम्राट कधीच नव्हता, त्याला इथे बाजूलाच ठेवू.)

आजोबा म्हणजे बार्बारोसा, इटालियन लोकांनी लाल दाढीवरून पाडलेलं नाव. 1152 मध्ये राजा, 1155 मध्ये रोमला सम्राट. आयुष्याचा मोठा भाग उत्तर इटलीतल्या शहरांना वाकवण्यात गेला, 1162 मध्ये मिलान उद्ध्वस्त केलं, पण 1176 ला लेन्यानोच्या लढाईत त्याच शहरांच्या फौजेने त्याला हरवलं. म्हातारपणी तिसऱ्या क्रुसेडला निघाला आणि 10 जून 1190 ला आजच्या तुर्कस्तानातल्या एका नदीत बुडून गेला, त्या मोहिमेत जेरुसलेमपर्यंत पोहोचलाच नाही.

नातू त्यानंतर चार वर्षांनी, 1194 मध्ये इटलीत जन्मला, आईकडून सिसिलीचं राज्य मिळालं, वाढला पालेर्मोत, जर्मनीत राहिला तो कमीच. 1224 मध्ये नेपल्सला विद्यापीठ काढलं, ससाण्याने शिकार कशी करायची यावर स्वतः लॅटिनमध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, तोही पक्ष्यांचं बारीक निरीक्षण करून. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते त्याचं क्रुसेड! निघायला उशीर केला म्हणून पोपने 1227 मध्ये त्याला धर्माबाहेर टाकलं होतं, तरी तो गेला, इजिप्तच्या सुलतान अल-कामिलशी बोलणी केली आणि 1229 मध्ये तहावर जेरुसलेम मिळवलं, शहरासाठी लढाई झालीच नाही, मुसलमानांची पवित्र जागा त्यांच्याकडेच राहिली. एवढं करूनही पोप खूश नाही, 1245 मध्ये दुसऱ्या एका पोपने तर त्याला पदच्युतच जाहीर केलं. माझ्या मते ज्याचं कौतुक व्हायला हवं होतं तो हा.

आता खरी गंमत, डोंगराच्या पोटात झोपलेला सम्राट एक दिवस परत येईल ही जर्मन दंतकथा सगळे बार्बारोसाची म्हणून सांगतात, पण ती आधी नातवाची होती. 1250 मध्ये तो वारला हे लोकांना पटेचना, 1280च्या दशकात तर एकजण 'मीच तो फ्रेडरिक' म्हणत जर्मनीत फिरला आणि शेवटी वेट्झलारला जाळला गेला. पुढच्या काही शतकांत कथा हळूहळू आजोबांकडे सरकली. 19व्या शतकातल्या जर्मन राष्ट्रवाद्यांना सिसिलीत रमणाऱ्या नातवापेक्षा दाढीवाला योद्धा जवळचा वाटला असणार असं मला वाटतं, 1896 ला दंतकथेतल्या त्याच क्यूफहॉयझर डोंगरावर स्मारक पूर्ण झालं त्यात खाली दगडात बार्बारोसा बसलाय आणि वर घोड्यावर कैसर (जर्मन सम्राट) पहिला विल्हेल्म. 1941 मध्ये हिटलरने रशियावरच्या हल्ल्याला नावही आजोबांचंच दिलं.

नातू मात्र पालेर्मोच्या कॅथेड्रलमध्ये लाल दगडाच्या शवपेटीत आहे, कधी गेलात तर जरूर बघा.