हॉस्टेलच्या सामायिक खोलीत दिव्यांग पाहुण्यांची सोय: विनंती कशी करावी, कागदपत्रे कोणती लागतात

सामायिक खोलीचे बुकिंग केले की खाट पक्की होते, पण कोणती खाट हे बऱ्याचदा पोहोचल्यावरच कळते. व्हीलचेअर वापरणाऱ्याला, फिट येणाऱ्याला वरची खाट चालणारच नाही. म्हणून पैसे भरण्याआधी हॉस्टेलला थेट ईमेल करा. बुकिंग फॉर्ममधल्या सूचनांच्या रकान्यावर विसंबू नका. तिथला मजकूर काउंटरवरच्या माणसापर्यंत पोहोचेलच असे नाही.

ही सोय मागायला पात्र कोण? संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांच्या बाधा असलेल्या व्यक्ती येतात. वाजवी सोय नाकारणे हा या करारानुसार भेदभाव आहे. सोय करणाऱ्यावर अवाजवी बोजा पडू नये, एवढीच मर्यादा. खालची खाट राखून ठेवणे हा माझ्या मते बोजा नव्हेच. पाय प्लास्टरमध्ये असेल, म्हणजे अडचण तात्पुरती असेल, तरी संकोच न करता मागा.

ईमेलमध्ये आजाराचे नाव नको, गरज लिहा: "खालची खाट हवी, उशाशी रात्रभर चालू राहणारा प्लग हवा, व्हीलचेअर ६५ सेंमी रुंद आहे." मदतनीस सोबत असेल तर त्याची खाट शेजारीच मागा. 'आमच्याकडे सगळी सोय आहे' या उत्तरावर थांबू नका. खोलीच्या आणि बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी, खाटेची उंची विचारा, फोटो मागवा. व्हीलचेअर वळवायला साधारण दीड मीटर मोकळी जागा लागते, आणि सामानाने भरलेल्या खोलीत नेमकी तीच नसते.

आगीचा प्रश्न मात्र आवर्जून विचारा. आग लागल्यावर लिफ्ट वापरता येत नाही, त्यामुळे जिना न उतरता येणाऱ्याने तळमजलाच मागावा. कर्णबधिर पाहुण्याला भोंगा ऐकू येणार नाही. दिव्याचा किंवा उशीखाली थरथरणारा अलार्म आहे का, नसल्यास रात्री उठवायला कोण येणार, हे लेखी घ्या. दृष्टिहीन पाहुण्याने पोहोचताच खाटेपासून बाहेरच्या दारापर्यंतची वाट कर्मचाऱ्यासोबत चालून पाहावी.

कागदपत्रांत ओळखपत्र लागतेच. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र सवलत मागितली तरच द्यावे. वैद्यकीय अहवाल खालच्या खाटेसाठी देऊ नयेत. सहाय्यक श्वानाचे नियम देशागणिक बदलतात, त्यामुळे लसीकरणाची नोंद जवळ ठेवा. तुमची माहिती खोलीतल्या इतरांना परस्पर सांगू नये, असेही ईमेलमध्ये लिहा.

नकार आला तर कारण लेखी मागा आणि सामायिक खोलीच्याच दरात स्वतंत्र खोली मिळेल का ते विचारा. तेही झाले नाही, तर हा पत्रव्यवहार जोडून त्या देशातल्या दिव्यांग हक्कांच्या किंवा ग्राहक तक्रारींच्या यंत्रणेकडे तक्रार करा.