सेनेटची सुनावणी आणि फौजदारी खटला: एकाचे माप दुसऱ्याला लावू नका

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी ज्याचे नाव पुढे आले आहे त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला, की दोन वाक्ये ठरलेली असतात. एक बाजू म्हणते, ‘दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोषच.’ दुसरी म्हणते, ‘हा खटला नव्हे, ही नोकरीची मुलाखत आहे.’ १९९१ मध्ये क्लॅरेन्स थॉमस यांच्या वेळी हेच झाले आणि २०१८ मध्ये ब्रेट कॅव्हनॉ यांच्या वेळीही हेच. दोन्ही वाक्ये अर्धीच खरी आहेत. मराठीत तर गोंधळात आणखी भर पडते, कारण ‘सुनावणी’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे कोर्टच येते. मग सेनेटमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, मतदान झाले की ‘क्लीन चिट मिळाली’ असे लिहून लोक मोकळे होतात. सेनेट कोणालाही क्लीन चिट देत नाही. तो तिचा धंदाच नाही.

खटला कसा चालतो हे वेगळे सांगायला नको. फिर्याद, तपास, आरोपपत्र, साक्षी, उलटतपासणी, निकाल. सिद्ध करण्याचा सगळा भार सरकारी पक्षावर, आणि संशय उरलाच तर त्याचा फायदा आरोपीला.

सेनेटचे तसे नाही. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, न्यायविषयक समिती सुनावणी घेते, समिती मत देते आणि मग १०० सदस्यांचे सभागृह मत देते. समितीचे मत ही नुसती शिफारस. थॉमस यांच्या वेळी समितीत ७–७ अशी बरोबरी झाली, तरी नाव शिफारशीविना सभागृहात गेले आणि १५ ऑक्टोबर १९९१ रोजी ५२–४८ ने मंजूर झाले. कॅव्हनॉ समितीतून ११–१० ने पुढे सरकले आणि ६ ऑक्टोबर २०१८ रोजी ५०–४८ ने न्यायमूर्ती झाले. एप्रिल २०१७ पासून चर्चा संपवायलाही साधे बहुमत पुरते, त्यामुळे विरोधकांचे एकही मत नसले तरी नाव पार होऊ शकते.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. ज्युरीतल्या माणसाने आधीच मत जाहीर केले तर त्याला घरी पाठवतात. सेनेटर मात्र साक्ष ऐकण्याआधीच टीव्हीवर मत सांगून येतो आणि त्यात काही वावगे मानले जात नाही. ऐकीव पुराव्याला सेनेटमध्ये आडकाठी नाही. कारणे लेखी द्यावी लागत नाहीत. शपथ मात्र दोन्हीकडे तेवढीच खरी: समितीपुढे जाणूनबुजून खोटे बोलणे हा गुन्हाच आहे.

खरी गोची पुढे आहे. दोन्हीकडचे शहाणे तिथेच घसरतात.

सगळ्यांचे ऐकून झाल्यावरही संशय उरतो. उरलेला संशय कोणाच्या पदरात टाकायचा? खटला आणि सुनावणी यांच्यातला मूळ फरक हा आहे. फौजदारी कोर्टात उत्तर पक्के आहे: आरोपीच्या पदरात, आणि तोही भरभरून. त्यामागे साधा हिशेब आहे. निरपराध माणसाला तुरुंगात डांबण्याची चूक ही अपराधी सुटण्याच्या चुकीपेक्षा फार वाईट मानली जाते, म्हणून सरकारला ‘वाजवी संशयापलीकडे’ सिद्ध करावे लागते. दिवाणी दाव्यात दोन्ही चुका सारख्याच वाईट, म्हणून पारडे ज्या बाजूला किंचित जास्त झुकेल तिचा विजय. म्हणजे माप आकाशातून पडत नाही. कोणती चूक जास्त महागात पडेल, यावरून ते ठरते.

आता हाच हिशेब सेनेटमध्ये मांडून बघा. चूक पहिली: आरोप खोटा होता, पण माणसाला नाकारले. तो तुरुंगात जात नाही. कॅव्हनॉ २००६ पासून आणि थॉमस १९९० पासून वॉशिंग्टनच्या संघीय अपील न्यायालयात तहहयात न्यायाधीश होतेच. नाकारले असते तर ते त्याच खुर्चीवर परतले असते. मात्र नाव बद्दू झाले असते, आणि ते नुकसान खरे आहे. ‘एक नोकरीच तर गेली’ म्हणणाऱ्यांनी ते उगाच झटकू नये. चूक दुसरी: आरोप खरा होता, तरी माणसाला बसवले. तो आयुष्यभर तिथे बसणार. त्याला काढायचा मार्ग एकच, महाभियोग, आणि त्यासाठी सेनेटमध्ये दोन तृतीयांश मते, म्हणजे ६७, लागतात. सर्वोच्च न्यायालयाच्या इतिहासात महाभियोग एकाच न्यायमूर्तीवर आला, सॅम्युअल चेस यांच्यावर, आणि १८०५ मध्ये तेही सुटले.

हा हिशेब फौजदारी कोर्टापेक्षा वेगळा आहे, हे उघड आहे. म्हणून ‘वाजवी संशयापलीकडे’चे माप इथे आणणे चूक. पण म्हणून माप शून्यावर आणणेही चूक. नुसता आरोप पुरेसा मानला, तर प्रत्येक नाव शेवटच्या आठवड्यात पाडायची किल्ली विरोधकांच्या हाती जाईल. नोकरीच्या मुलाखतीची उपमा इथेच लंगडी पडते. मुलाखतीत नाकारलेल्या उमेदवारावरचे आरोप देशभर थेट प्रक्षेपित होत नाहीत, आणि मुलाखत घेणाऱ्या निम्म्या लोकांना ती जागा रिकामीच ठेवायची नसते.

राज्यघटना या बाबतीत काहीच मदत करत नाही. तिच्यात फक्त ‘सल्ला आणि संमती’ असे शब्द आहेत, माप दिलेले नाही. प्रत्येक सेनेटरने आपले माप आपणच ठरवायचे. म्हणून ज्याने माप उघडपणे सांगितले त्याचे भाषण वाचण्यासारखे असते, मग त्याचे मत पटो वा न पटो. १९९१ मध्ये रॉबर्ट बर्ड यांनी सांगितले की हा खटला नाही, अशा पदावर कोणाचा हक्क नसतो, आणि संशयाचा फायदा द्यायचाच तर तो न्यायालयाला द्यावा. त्यांनी थॉमस यांच्या विरोधात मत दिले. २०१८ मध्ये सुझन कॉलिन्स यांनीही हा खटला नाही हे मान्य केले, पण त्यांचे माप ‘घडले असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त’ हे होते. आरोप त्या मापाला उतरत नाही असे म्हणून त्यांनी कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिले. दोघांनी हिशेब मांडून दाखवला. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी आधी मत ठरवले आणि मग त्याला साजेसे माप शोधले.

याच ठिकाणी आणखी एक घोळ होतो. ‘निर्दोष मानण्याचे तत्त्व’ हे माप आहे. ‘दोन्ही बाजू नीट ऐकून घ्या’ ही रीत आहे. रीत सगळीकडे लागू आहे, गावच्या पंचायतीपासून सेनेटपर्यंत. माप जागेप्रमाणे बदलते. ‘हा खटला नाही’ असे म्हणून कोणी न ऐकताच निकाल लावत असेल तर तो रीत मोडतो. आणि ‘रीत पाळा’ म्हणत कोणी फौजदारी माप आत घुसवत असेल, तर तो दुसऱ्या टोकाची लबाडी करतो.

‘कोर्टात सिद्ध करा’ हे आव्हान तर बहुतेक वेळा पोकळच असते. क्रिस्टीन ब्लेझी फोर्ड यांचा कॅव्हनॉ यांच्यावरचा लैंगिक हल्ल्याचा आरोप १९८२ च्या उन्हाळ्यातला, मेरीलँडमधल्या माँटगोमेरी काउंटीतला. तेव्हा त्या १५ वर्षांच्या होत्या आणि कॅव्हनॉ १७ वर्षांचे. कॅव्हनॉ यांनी तो ठामपणे फेटाळला. तिथल्या पोलिसप्रमुखांनी आणि सरकारी वकिलांनी सप्टेंबर २०१८ मध्ये लेखी कळवले की घटनेच्या वेळचा कायदाच लागू होईल, आणि १९८२ मध्ये हल्ला किंवा बलात्काराचा प्रयत्न हा कनिष्ठ दर्जाचा गुन्हा होता, ज्याची मुदत एक वर्षाची. ती १९८३ मध्येच संपली. अनिटा हिल यांचा थॉमस यांच्यावरचा आरोप तर बहुतांशी कामाच्या ठिकाणच्या अश्लील बोलण्याबद्दल होता, म्हणजे प्रशासकीय तक्रारीचा किंवा दिवाणी दाव्याचा विषय. त्याला फौजदारी माप लावणे म्हणजे कापड पायलीने मोजणे. हिल यांनी ज्या काळाबद्दल सांगितले त्यातला बराचसा भाग समान रोजगार संधी आयोगातला होता, अशाच तक्रारी हाताळणाऱ्या संस्थेतला, आणि थॉमस तिचे अध्यक्ष होते. त्यांनीही सगळे आरोप नाकारले.

मराठी वाचकाला जवळचे उदाहरण हवे असेल तर नागपूरचे घ्या. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातल्या एका अतिरिक्त न्यायमूर्तींना कायम करण्याची शिफारस सर्वोच्च न्यायालयाच्या कॉलेजियमने मागे घेतली, पॉक्सो कायद्याखालच्या त्यांच्या निकालांवरून वादळ उठल्यावर. त्यांच्यावर कसलाही गुन्हा नव्हता आणि कोणी ‘आधी सिद्ध करा’ असेही म्हटले नाही. नेमणूक न देणे ही शिक्षा नाही, हे तिथे सगळ्यांना आपोआप कळले. फरक एवढाच की आपल्याकडे हे बंद दाराआड होते.

पुराव्याच्या शब्दांकडे वळू. ‘पुरावाच नाही’ हे वाक्य वकिलाच्या तोंडी तरी शोभत नाही. शपथेवरची साक्ष हा पुरावाच असतो, अमेरिकेत आणि भारतातही. वाद असतो तो त्याच्या वजनाचा. आणखी दोन गोष्टी एकच समजल्या जातात, त्या म्हणजे ‘दुजोरा मिळाला नाही’ आणि ‘खोटे ठरले’. फोर्ड यांनी ज्यांची नावे घेतली त्यांपैकी इतरांनी अशी मेजवानी आठवत नसल्याचे कळवले. ३६ वर्षांनी एक साधी संध्याकाळ न आठवणे म्हणजे ती झालीच नाही असे नव्हे. पण ती झाली यालाही त्यातून आधार मिळत नाही. एका पक्षाने ‘साक्षीदारांनी खोडून काढले’ म्हटले आणि दुसऱ्याने ही उणीव नजरेआड केली.

रेचल मिचेल यांच्या टिपणाचेही असेच झाले. त्या ॲरिझोनातल्या, लैंगिक गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या सरकारी वकील. रिपब्लिकन सदस्यांनी प्रश्न विचारण्यासाठी त्यांना आणले होते. २७ सप्टेंबरला पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत, मध्येमध्ये डेमोक्रॅट सदस्यांच्या पाळ्या येत असताना, त्यांनी फोर्ड यांना प्रश्न विचारले. अशी उलटतपासणी कोणत्याच कोर्टात होत नाही. धागा पकडेपर्यंत वेळ संपतो. कॅव्हनॉ यांच्या पाळीला तर रिपब्लिकन सदस्यांनी लवकरच सूत्रे स्वतःच्या हाती घेतली. मग मिचेल यांनी रिपब्लिकन सदस्यांसाठी टिपण लिहिले की समितीपुढच्या पुराव्यावर कोणी समंजस सरकारी वकील खटला भरणार नाही, आणि दिवाणी मापालाही हा पुरावा पुरत नाही. पहिले विधान सुनावणीशी जवळजवळ गैरलागू आहे. दुसरे महत्त्वाचे आहे आणि त्याला उत्तर देणे विरोधकांचे काम होते. पण लोकांनी पहिलेच जास्त मिरवले. शिवाय हे एका बाजूने नेमलेल्या वकिलाचे मत होते, निष्कर्ष नव्हे.

‘एफबीआयने (अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेने) तपास करून सोडले’ हेही डोक्यातून काढून टाका. पासपोर्टसाठी पोलीस ठाण्यात होते ती चारित्र्य पडताळणी आणि गुन्ह्याचा तपास यांत जो फरक, तोच इथे. रिपब्लिकन सेनेटर जेफ फ्लेक मतदानाआधी चौकशी व्हावी म्हणून अडून बसल्यावर जो आठवडा मिळाला, त्यात एफबीआयने केली ती पुरवणी पार्श्वभूमी तपासणी. तिचा मालक व्हाइट हाउस, मर्यादाही तिथूनच ठरणार. साक्षीदाराला यायला भाग पाडता येत नाही, ज्युरी नसते, आणि अहवालाच्या शेवटी ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ असा शेरा नसतो. जबाब जमा करून पाठवायचे, एवढेच. त्या फेरीत ना फोर्ड यांचा जबाब घेतला गेला ना कॅव्हनॉ यांचा. एफबीआयने निर्दोष ठरवले म्हणणारे चूक, आणि एफबीआय गुन्हा शोधून काढेल अशी आशा लावून बसलेलेही चूक.

माप पक्षाप्रमाणे कसे फिरते ते पाहण्यासारखे आहे. १९९१ मध्ये समितीचे अध्यक्ष होते डेमोक्रॅट जो बायडेन, आणि निर्दोषपणाचे गृहीत तुमच्याच बाजूने आहे हे थॉमस यांना भर सुनावणीत त्यांनीच सांगितले होते. मत मात्र विरोधात दिले. २०१८ मध्ये तेच तत्त्व रिपब्लिकनांच्या तोंडी आले. २०२० मध्ये खुद्द बायडेन यांच्यावर आरोप झाला, त्यांनी तो नाकारला, आणि रातोरात दोन्ही बाजूंनी आपापली वाक्ये एकमेकांशी बदलून घेतली. थॉमस यांच्या विरोधात मत देणाऱ्या दोन रिपब्लिकनांपैकी एक बॉब पॅकवुड. त्यांना १९९५ मध्ये लैंगिक गैरवर्तनाच्याच आरोपांवरून सेनेट सोडावे लागले.

समितीतल्या ज्येष्ठ डेमोक्रॅट सदस्य डायेन फाइनस्टाइन यांनी फोर्ड यांचे आरोपाचे पत्र जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंत स्वतःकडे ठेवले, ही तक्रार रास्त आहे. पण ती फाइनस्टाइन यांच्याबद्दलची तक्रार आहे. १९८२ मध्ये काय घडले याच्याशी तिचा संबंध नाही.

आणि मतदानानंतरचे. कॅव्हनॉ यांच्या सुनावणीतल्या वागण्याबोलण्याबद्दल ८३ तक्रारी दाखल झाल्या होत्या. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी त्या दहाव्या सर्किटकडे, म्हणजे एका विभागीय संघीय अपील न्यायालयाकडे, पाठवल्या, आणि डिसेंबर २०१८ मध्ये त्या सगळ्या निकाली निघाल्या. खऱ्या-खोट्याचा निवाडा त्यात झाला नाही. न्यायाधीशांच्या गैरवर्तनाचा तो कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना लागू होत नाही, आणि तोवर कॅव्हनॉ तिथे पोहोचले होते.