पॉटरीचा किल्न वॉश आणि काचेचं प्रायमर : दोन्ही पांढरंच, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही

एकच इलेक्ट्रिक भट्टी पॉटरीवाले आणि ग्लास फ्यूजिंगवाले (भट्टीत काच तापवून जोडणारे) मिळून वापरत असतील तर हा घोळ कधी ना कधी होतोच. डब्यात पांढरी पावडर, पाण्यात कालवायची, वर ठेवलेलं चिकटू नये म्हणून भट्टीतल्या शेल्फला लावायची, मग फरक काय? आणि माल पण बऱ्याचदा जवळपास तोच असतो, अल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले. फरक आहे तो कामात.

पॉटरीत वॉश अडीअडचणीला असतो. भांड्याचा फक्त तळ टेकतो, तिथलं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) आपण आधीच पुसून घेतो, त्यामुळे वॉशची खरी गरज पडते ती ग्लेझ ओघळलं तरच. म्हणून जाडाभरडा लागला, ब्रशचे ओरखडे राहिले तरी कुणाचं काही अडत नाही, तोच थर बऱ्याच फायरिंग चालतो, उडाला तिथे खरवडून परत थोडा लावायचा. बिस्कला (ग्लेझ लावायच्या आधीची पहिली भाजणी) तर लागतच नाही, ग्लेझच नाही तर चिकटणार काय!

काचेचं सगळं उलटं. फुल फ्यूजला (काचेचे तुकडे पूर्ण एकजीव करताना) ८०० डिग्रीच्या आसपास काच मऊ होऊन अख्ख्या तळाने शेल्फवर बसते आणि खाली जे असेल त्याचा छाप घेते, ब्रशची रेघ, सुटलेला पोपडा, कुणाच्या तरी मगमधून गळलेला ग्लेझचा टिपका, सगळं. त्यात पॉटरीच्या काही वॉशमध्ये सिलिका असते, ती काचेला धरून बसते आणि प्लेटच्या मागे पांढरा खरखरीत थर येतो जो घासून घासून पण निघत नाही.

प्रायमर लावायचं ते ताकापेक्षा पातळ, साधारण १ भाग पावडर ५ भाग पाणी (डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते ऐका), मऊ चपट्या ब्रशने चार-पाच हात, एक उभा एक आडवा एक तिरका, आणि मधे मधे ढवळत राहायचं कारण पावडर लगेच खाली बसते. मग पूर्ण सुकवायचं. पुण्यात मे महिन्यात प्रश्नच नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये शेल्फ वरून कोरडा दिसतो आणि आत ओल असते, तेव्हा सरळ भट्टीत २६० डिग्रीला वीसेक मिनिटं ठेवा. आणि एवढं करून फुल फ्यूजला ते एकदाच चालतं, त्या तापमानानंतर चायना क्लेचा गुण बदलतो आणि पुढच्या वेळी काच चिकटते. खरवडा, परत लावा. स्लम्पिंग (मऊ काच साच्यात बसवून आकार देणं) ६५०-६८० ला होतं म्हणून मोल्डवरचा थर मात्र पुष्कळ टिकतो.

आता जुगाड. "शेल्फची एक बाजू पॉटरीला, एक बाजू काचेला" हे ऐकायला भारी वाटतं पण करू नका. खालच्या बाजूचे पोपडे सुटून खालच्या शेल्फवरच्या ग्लेझमध्ये पडतात. शिवाय स्टोनवेअरला (जास्त तापमानाला भाजायची भांडी) १२२० च्या वर गेलेला शेल्फ हळूहळू मधे वाकतो, मग त्यावर काचेची सपाट टाइल कुठून येणार? पट्टी उभी धरून बघा, खालून उजेड दिसला की तो शेल्फ कायमचा पॉटरीकडे.

माझ्या मते काचेला एक शेल्फ वेगळाच काढून ठेवावा, खर्च होतो पण भांडणं वाचतात. अगदीच नसेल तर जुना वॉश खरवडून सपाट करा आणि वर सिरॅमिक फायबर पेपर (भट्टीत न जळणारा तंतूंचा कागद) टाका, पण खालचा उंचवटा राहिला तर पेपरमधूनही तो काचेवर उठतो.

खरवडताना शेल्फ थोडा ओला करा आणि एन९५ मास्क लावा, रुमाल नाही, सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. काचेच्या शेल्फवर खूण करायची तर मार्करने नको, जळून जाईल. आयर्न ऑक्साइड पाण्यात कालवून कडेवर 'काच' लिहा.