सर्वसमावेशक रचना (घरगुती इलेक्ट्रॉनिक उपकरणांची)

वय, दृष्टी, श्रवण, हाताची पकड, भाषा आणि सवयी निरनिराळ्या असलेल्या माणसांना एकच उपकरण विनासायास वापरता यावे, अशी त्याची आखणी म्हणजे सर्वसमावेशक रचना. या विचाराला बैठक दिली अमेरिकन वास्तुविशारद रोनाल्ड मेस यांनी; पोलिओमुळे ते स्वतः चाकाची खुर्ची वापरत. नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठातून १९९७ मध्ये या रचनेची सात तत्त्वे प्रसिद्ध झाली.

उत्तम रचना बहुधा लक्षातही येत नाही. फोनच्या ५ आकड्यावरचा उंचवटा किंवा कीबोर्डवरील ‘एफ’ आणि ‘जे’वरच्या बारीक रेघा अंध व्यक्तीला जितक्या उपयोगी, तितक्याच न पाहता टंकणाऱ्यालाही. साच्यातच घेतल्या की त्यांचा वेगळा खर्च जवळजवळ नसतो.

याउलट इंडक्शन शेगडीचे गुळगुळीत काचेचे पॅनेल. बोट टेकताच विद्युतभारात होणारा बदल ते टिपते. पाण्याचा थर आला की त्याचा गोंधळ उडतो. म्हणजे स्वयंपाकात हात ओले असणार, नेमके तेव्हाच ते ऐकत नाही. अंध व्यक्तीची अडचण आणखी मोठी: बटन शोधायला बोट फिरवले की तोच आदेश ठरतो. त्यावर घरगुती तोड म्हणजे बटनाच्या शेजारी, बटनावर नव्हे, एक टिकली चिकटवणे. ‘टक्’ आवाज करत फिरणारे जुने गोल बटन या बाबतीत सरस होते. ते गेले ते काही अंशी दिखाव्यापायी, काही अंशी सपाट काच पुसायला सोपी म्हणून.

चाळिशीनंतर जवळचे बारीक दिसेनासे होते, उतारवयात उंच पट्टीची शिट्टी ऐकू येत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्यांत पुरुष बरेच जास्त असतात, कारण संबंधित जनुके एक्स गुणसूत्रावर आहेत. म्हणून चार्जिंग पूर्ण झाल्याची खूण नुसत्या रंगाने न देता दिवा लुकलुकवून किंवा जागा बदलून द्यावी.

भाषेचा प्रश्न बडोद्यात चटकन दिसतो. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या एखाद्या मराठी घरात आजींची शाळा मराठी, सुनेची गुजराती, नातवंडांची इंग्रजी. आणि कपडे धुण्याच्या यंत्रावर फक्त इंग्रजी. आवाजी आदेशही हुकमी नव्हेत, कारण बडोद्याच्या मराठीत गुजराती शब्द सहज मिसळतात आणि शुद्ध मराठीवर तयार केलेली यंत्रणा तिथे अडखळते. सर्व मजकूर चित्रखुणांनी बदलणे हाही उपाय नाही. थेंब आणि वेटोळे म्हणजे नेमके काय, हे माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय कुणालाच कळत नाही.

भारतात दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ च्या कलम ४३ नुसार अशा उपभोग्य वस्तूंच्या विकासाला, उत्पादनाला आणि वितरणाला चालना देणे हे शासनाचे काम आहे. बंधन शासनावर आहे, उत्पादकावर थेट नाही. सरकारी खरेदीतले ठळक उदाहरण मतदान यंत्राचे: त्याच्या निळ्या बटनांलगत ब्रेल आकडे असतात.