सुपरचार्जर पुली बदल

सुपरचार्जर पुली बदल : सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) फिरवणारी मूळ पुली काढून तिच्या जागी कमी व्यासाची पुली बसवण्याची पद्धत. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरचा वेग क्रँकशाफ्टवरची (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावरची) पुली आणि सुपरचार्जरवरची पुली यांच्या व्यासांवरून ठरतो. सुपरचार्जरची, म्हणजे वरची, पुली लहान केली की इंजिनाच्या तितक्याच फेऱ्यांत सुपरचार्जर अधिक फेरे घेतो, अधिक हवा पुढे ढकलतो आणि त्या प्रमाणात अधिक इंधन जाळता येते. इंजिन न उघडता ताकद वाढवण्याच्या उपायांत हा स्वस्त आणि म्हणूनच लोकप्रिय उपाय आहे. रोजच्या वापरातल्या वेगवान गाड्यांमध्ये मिनी कूपर एस (२००२–२००६), पाँटिॲक ग्राँ प्री जीटीपी, ऑडीची ३.० टीएफएसआय इंजिने आणि कॅडिलॅक सीटीएस-व्ही यांच्यावर हा बदल सर्रास केला जातो.

वेगाचे गणित

क्रँकची पुली १५० मिमी आणि सुपरचार्जरची ७५ मिमी असेल तर गुणोत्तर २ होते. इंजिन मिनिटाला ६,५०० फेरे घेत असताना सुपरचार्जर १३,००० फेरे घेतो. वरची पुली ६७ मिमीची केली की हाच आकडा साधारण १४,५५० वर जातो. अवघ्या ८ मिमीचा फरक, पण सुपरचार्जरला तो चांगलाच जाणवतो.

बाजारात पुल्या टक्क्यांच्या नावाने ओळखल्या जातात : १५ टक्के, १७ टक्के, १९ टक्के. ही टक्केवारी सहसा व्यासातल्या घटीची असते, वेगातल्या वाढीची नव्हे. व्यास १५ टक्क्यांनी घटला तर वेग १७.६ टक्क्यांनी वाढतो आणि १९ टक्क्यांनी घटला तर २३.५ टक्क्यांनी. पुली जितकी लहान होत जाते तितका प्रत्येक पुढचा मिलिमीटर महाग पडतो. अमेरिकी गाड्यांत टक्क्यांऐवजी थेट इंचांत बोलतात. जनरल मोटर्सच्या ३.८ लिटर व्ही-६ सुपरचार्ज्ड इंजिनावर मूळ पुली ३.८ इंचांची असते. तिच्या जागी ३.५ इंचांची बसवली तर वेग सुमारे ८.६ टक्के वाढतो, ३.४ इंचांची बसवली तर ११.८ टक्के.

हवेचा हिशेबही याच गुणोत्तरावरून मांडता येतो. मिनी कूपर एसमधला ईटन एम४५ सुपरचार्जर एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ०.७४ लिटर हवा ढकलतो (ईटनच्या एम मालिकेतला आकडा हा घन इंचांचाच असतो). १.६ लिटरचे चार-स्ट्रोक इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात स्वतःहून ०.८ लिटर हवा ओढते. सुपरचार्जर क्रँकच्या दुप्पट वेगाने फिरत असेल तर तो त्याच वेळात १.४८ लिटर पुढे करतो. ही जादा हवा मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) दाटते आणि तो दाब बूस्ट म्हणून मापकावर दिसतो.

पूर्वपीठिका

अमेरिकेतील इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये दोन फिरत्या पाळ्यांच्या यंत्राचे पेटंट घेतले. त्याचा उपयोग सुरुवातीला झोतभट्ट्या आणि खाणींना हवा पुरवण्यासाठी झाला. मोटारीत ते पुष्कळ नंतर आले. मर्सिडीजने १९२१ च्या बर्लिन प्रदर्शनात सुपरचार्जर असलेल्या विक्रीच्या गाड्या मांडल्या. त्या काळच्या रचनांत पुली बदलण्याचा प्रश्नच नव्हता. १९२९ च्या प्रसिद्ध ‘ब्लोअर’ बेंटलीचा सुपरचार्जर तर रेडिएटरच्या पुढे, थेट क्रँकच्या टोकावर चालत असे.

पुली बदलून बूस्ट ठरवण्याची सवय दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतल्या हॉट रॉडवाल्यांनी (जुन्या गाड्या वेगवान करणाऱ्या हौशी लोकांनी) लावली. जीएमसीच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनांवरचे ६-७१ ब्लोअर (रूट्स पद्धतीचे सुपरचार्जर) ते पेट्रोलच्या व्ही-८ वर चढवत आणि दातेरी पट्ट्याच्या वरच्या-खालच्या पुल्या अदलाबदल करून शर्यतीपुरता वेग कमी-जास्त करत. सामान्य ग्राहकाच्या गाडीपर्यंत ही गोष्ट पोहोचली ती १९८९ च्या फोर्ड थंडरबर्ड सुपर कूपपासून. तिच्यात ईटनचा एम९० खाचांच्या सपाट पट्ट्यावर, बॉनेट उघडताच समोर दिसेल असा बसवलेला होता. एवढी हाताशी आलेली पुली लोक तशीच राहू देणार नव्हते.

दाब, उष्णता आणि मापकाचा भ्रम

पुली बदलणारा पहिल्यांदा बूस्टच्या काट्याकडे पाहतो. तो काटा मात्र अर्धीच हकिकत सांगतो. रूट्स पद्धतीचा सुपरचार्जर ठरावीक घनफळाची हवा ढकलतो. दाब किती चढेल हे इंजिन ती हवा किती सहज घेते यावर अवलंबून असते. म्हणून सिलिंडर हेडचे मार्ग मोकळे केले किंवा मोकळा एक्झॉस्ट बसवला तर बूस्ट कमी दिसतो आणि ताकद मात्र वाढते. उलट, हवा तापली की दाब वाढलेला दिसतो, पण तिच्यातला प्राणवायू तेवढा वाढलेला नसतो. मोजायची खरी गोष्ट सिलिंडरमध्ये पोहोचलेल्या हवेचे वजन ही आहे.

मूळ बूस्ट ०.७ बार असेल तर मॅनिफोल्डमधला निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा सुमारे १ बार धरून) साधारण १.७ बार असतो. सुपरचार्जरचा वेग १२ टक्के वाढवला तर हा दाब ढोबळमानाने १.९ बारवर, म्हणजे बूस्ट ०.९ बारवर जातो. मापकावर सुमारे २९ टक्के वाढ दिसते, पण हवेची वाढ १२ टक्क्यांच्या आतच राहते, कारण रोटर आणि कवच यांच्या फटींतून काही हवा मागे गळते आणि उरलेली तापते. जाहिरातीतले अश्वशक्तीचे मोठे आकडे वाचताना हे लक्षात ठेवलेले बरे.

उष्णतेची किंमत त्याहून मोठी आहे. बाहेरची हवा २० अंश सेल्सिअस आणि सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर १.७ पट दाबाला बाहेर पडणारी हवा सुमारे १०० अंशांची असते, १.९ पट दाबाला ती सुमारे १२० अंशांवर जाते. प्रत्यक्षात वेग आणि दाब वाढले की जुन्या धाटणीच्या रूट्स सुपरचार्जरची कार्यक्षमताही घसरते, त्यामुळे खरा आकडा आणखी वर असतो. तीन पाळ्यांच्या एम मालिकेपेक्षा चार पाळ्यांची, अधिक पिळाची टीव्हीएस मालिका आणि जोडस्क्रू (एकमेकांत गुंतलेल्या दोन स्क्रूंचे) सुपरचार्जर या बाबतीत बरेच सरस आहेत. म्हणूनच तेवढीच लहान पुली एका गाडीला मानवते आणि दुसरीला नाही.

तापलेले मिश्रण ठिणगीच्या ज्योतीची वाट न पाहता पेटू लागले की नॉकिंग सुरू होते. संवेदक ते ओळखतो आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) ठिणगी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण पुलीने मिळवलेली ताकद तिथेच गळते; उन्हाळ्यातल्या दुपारी लहान पुलीची गाडी मूळ गाडीपेक्षा मंद धावल्याची उदाहरणे यातूनच येतात. जनरल मोटर्सच्या वर उल्लेखिलेल्या व्ही-६ इंजिनाला कारखान्यातून इंटरकूलरच मिळत नाही. तिथले जाणते लोक पुलीचा व्यास बूस्टवरून ठरवत नाहीत; स्कॅनरवर ठिणगी किती अंश मागे घेतली जाते हे पाहतात आणि तो आकडा शून्याजवळ राहील इतपतच लहान पुली वापरतात. मिनी कूपर एसमध्ये हवेवर थंड होणारा इंटरकूलर इंजिनाच्या माथ्यावरच असतो. वाहतुकीत गाडी उभी राहिली की तोच इंजिनाच्या आचेने तापतो.

सुपरचार्जर फिरवायलाही ताकद लागते आणि ती ढोबळमानाने हवेचा प्रवाह आणि दाबवाढ यांच्या गुणाकाराने वाढते. वरच्या उदाहरणात १२ टक्के जादा प्रवाह आणि २९ टक्के जादा दाब मिळून हा खर्च ४० टक्क्यांहून अधिक वाढतो. इंजिनाने कमावलेल्या वाढीतून हा हिस्सा आधी वजा होतो.

सुपरचार्जरच्या जातीनुसार फरक

रूट्स आणि जोडस्क्रू सुपरचार्जरमध्ये लहान पुलीचा परिणाम खालच्या फेऱ्यांपासूनच जाणवतो. अपकेंद्री (वेगाने फिरणाऱ्या चाकाने हवा बाहेर फेकणाऱ्या) सुपरचार्जरमध्ये दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग १० टक्के वाढला तर बूस्ट २१ टक्क्यांच्या आसपास वाढतो, पण ही वाढ मुख्यतः वरच्या फेऱ्यांत एकवटते.

बायपास झडप (जादा हवा परत फिरवणारी) कोणाच्या हातात आहे हेही पाहावे लागते. मिनीमध्ये ती मॅनिफोल्डच्या निर्वातावर चालते, त्यामुळे पुली लहान केली की फायदा लगेच मिळतो. ऑडीच्या ३.० टीएफएसआयमध्ये मात्र बूस्टची मर्यादा ईसीयू ठरवतो. ठरलेला दाब ओलांडताच तो बायपास उघडतो आणि नव्या पुलीने ढकललेली जादा हवा परत फिरते. अशा गाडीत रीमॅप (ईसीयूच्या आज्ञावलीत बदल) केल्याशिवाय पुली बदलणे म्हणजे हवा नुसती तापवणे.

बसवणे

बहुतेक मूळ पुल्या शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेल्या असतात. त्या ओढण्यासाठी पुलीची कड पकडणारा खास पुलर लागतो. हातोडीने ठोकून किंवा पक्कड लावून पुली काढण्याचा मोह महागात पडतो. सुपरचार्जरच्या रोटरमधली आणि टोकाच्या झाकणाजवळची फट अत्यंत कमी असते. शाफ्टवर बसलेला एक ठोका बेअरिंग बिघडवतो किंवा रोटर कवचाला घासू लागतो. नवी पुली तापवून किंवा बोल्टच्या साहाय्याने हळूहळू आत खेचून बसवतात, आणि तिची खाच इतर पुल्यांच्या रेषेत आली आहे ना हे तपासतात. वारंवार बदल करणारे लोक एकदाच हब (शाफ्टवर कायम राहणारा मधला तुकडा) बसवतात आणि त्यावर बोल्टने धरलेल्या वेगवेगळ्या व्यासांच्या पुल्या वापरतात.

पुली लहान झाली की पट्टा सैल पडतो, म्हणून थोडा आखूड पट्टा घ्यावा लागतो. खरी अडचण पट्टा घसरण्याची. पट्ट्याचा धावता वेग क्रँकच्या पुलीवर ठरतो, तो बदललेला नसतो. त्याच वेगाच्या पट्ट्याला आता ४० टक्के जादा ताकद पोहोचवायची असते, आणि तीही लहान पुलीवर, जिथे रबराला पकडायला जागा कमी. घसरगुंडी सुरू झाली की पुलीभोवती काळी भुकटी जमते, जळक्या रबराचा वास येतो आणि नोंदींत बूस्ट वरच्या फेऱ्यांना चढण्याऐवजी खाली येताना दिसतो. उपाय म्हणून ताठ टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग), पट्ट्याचा वेढा वाढवणारी जादा आयडलर (मोकळी फिरणारी पुली) किंवा खरबरीत पृष्ठभागाची पुली वापरतात.

याला पर्याय म्हणजे क्रँकची पुली मोठी करणे. त्यात पट्ट्याचा वेगच वाढतो आणि वरचा वेढा शाबूत राहतो, म्हणून घसरणे कमी. पण त्याच पट्ट्यावर अल्टरनेटर आणि इतर यंत्रणा असतील तर त्याही जोरात फिरू लागतात. शिवाय क्रँकची मूळ पुली बहुधा कंपने शोषणाऱ्या डॅम्परसह बनवलेली असते. तिच्या जागी ठोस धातूची हलकी पुली बसवणे इंजिनाच्या आयुष्याशी खेळणे आहे.

सोबतचे बदल

थोडी लहान पुली मूळ इंजेक्टर (इंधन फवारणारे भाग) आणि मूळ ईसीयूवर निभावते. त्यापुढे गेले की पूर्ण थ्रॉटलला मिश्रण पातळ पडते. इंजेक्टर सतत ८५ टक्क्यांहून अधिक वेळ उघडे राहू लागले की मोठे इंजेक्टर घ्यावे लागतात. काही गाड्यांत इंधनपंपही अपुरा पडतो. स्पार्क प्लग एक पायरी थंड घेतात आणि त्याची फट किंचित कमी ठेवतात, कारण दाट हवेत ठिणगी विझण्याचा धोका वाढतो. अधिक ऑक्टेनचे इंधन नॉकिंग लांबवते. पैसे मोजके असतील तर पुलीच्या आधी इंटरकूलरवर खर्च करणे शहाणपणाचे. हा क्रम बहुतेक जण उलटा लावतात.

रोजच्या वापरातील परिणाम

निवांत चालवताना बायपास उघडी असते आणि सुपरचार्जर बिनभाराचा फिरतो, म्हणून महामार्गावर इंधनाचा वापर फारसा बदलत नाही. सुपरचार्जरची शीळ मात्र अधिक चढ्या सुरात ऐकू येते. पुष्कळांना हवे असते ते हेच.

झीज प्रत्येक वेळी एकाच जागी दिसत नाही. सुपरचार्जरच्या पुढच्या कप्प्यातले तेल, प्लास्टिकचा कपलर (दांडे जोडणारा भाग) आणि बेअरिंग यांच्यावर ताण वाढतो. मिनी कूपर एसमध्ये पाण्याचा पंपही सुपरचार्जरच्या दुसऱ्या टोकाच्या गियरवर चालतो, त्यामुळे पुली बदलली की पंपाचा वेगही वाढतो. त्या गियरचे तेल आटले तर पंप थांबतो आणि इंजिन तापते. अशा गाडीत पुली बदलतानाच दोन्ही टोकांचे तेल बदलून घेतात. वॉरंटी, विमा आणि प्रदूषण तपासणी यांच्या दृष्टीने हा नोंद करण्याजोगा बदल ठरतो.

जुनी गाडी घेताना हा बदल लपलेला असू शकतो, कारण लहान पुली नजरेला मूळ पुलीसारखीच दिसते. ती ओळखण्यासाठी व्यास कॅलिपरने मोजून कारखान्याच्या मापाशी ताडतात. खाचांच्या कडेवर मोजलेला व्यास आणि पट्टा प्रत्यक्षात ज्या व्यासावर चालतो तो, यांत थोडा फरक असल्याने दोन्ही मापे एकाच पद्धतीने घेतलेली असावी लागतात. पट्ट्यावर छापलेली लांबी मूळ पट्ट्यापेक्षा कमी असणे हीदेखील एक खूण आहे. विक्रीपूर्वी मूळ पुली परत बसवलेली असेल, तर शाफ्टच्या टोकावर पुलरच्या खुणा उरलेल्या दिसतात.