पार्श्वभूमी : जळगावच्या काचेत समुद्र येतो कुठून?

खान्देशाचं समुद्राशी नातं तापीपुरतं. मुलताईहून निघालेली नदी भुसावळ, प्रकाशा करत सुरतेकडं जाते आणि तिथं खाऱ्या पाण्याला मिळते. आपल्याकडं खायचा मासा म्हणजे धरणातला रोहू-कटला, आणि शोभेचा म्हणजे गोड्या पाण्यातला गोल्डफिश, फायटर, फार तर फ्लॉवरहॉर्न. तरीही जळगाव-धुळ्यात मरिन टँकची, म्हणजे खाऱ्या पाण्यातले समुद्री मासे घरात पाळायची हौस पोचली आहे. हा छंद निसर्गाला परवडणारा आहे का, हा प्रश्नही तिच्यासोबत आला. तो आजकालच्या पर्यावरणवाद्यांनी काढलेला नाही. छंदाइतकाच जुना आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं. पुढच्याच वर्षी निसर्गअभ्यासक फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ आलं आणि इंग्लंडात काचपेट्यांचं वेड पसरलं. रेल्वे नुकतीच किनाऱ्यापर्यंत गेली होती. लोक बरण्या घेऊन जात आणि खडकांमधल्या डबक्यांतली समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, शिंपले खरवडून आणत. गॉस यांचा मुलगा एडमंड यानं १९०७ मध्ये आठवणी लिहिल्या, तेव्हा वडिलांच्या पुस्तकांनी चाळवलेल्या हौशी लोकांनी इंग्लंडचा किनारा कसा ओरबाडून नेला, याबद्दलची हळहळ त्यात आहे. याच गॉस यांनी समुद्राचं पाणी घरी तयार करायची कृतीही छापली होती. म्हणजे पाणी कुठंही बनवता येईल हे तेव्हाच कळलं. जीव मात्र समुद्रातूनच उचलावे लागत. पुढच्या दीडशे वर्षांचं दुखणं यातच आहे.

आपल्याकडच्या बऱ्याच जणांनी प्रवाळातला रंगीत मासा पहिल्यांदा पाहिला तो मुंबईच्या सहलीत, १९५१ मध्ये सुरू झालेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. ते समुद्राला लागूनच होतं. घरोघरी असा मासा नेणं शक्य झालं ते तयार मीठ, विमान आणि ऑक्सिजन भरलेली प्लास्टिकची पिशवी आल्यावर. तयार मीठ लिटरला साधारण ३५ ग्रॅम घातलं की भुसावळातही समुद्र होतो. दोनशे लिटरच्या टँकला सात किलो.

मागणी वाढली तसा पकडण्याचा शॉर्टकट निघाला. १९६०च्या दशकात फिलिपाइन्समध्ये सोडियम सायनाइड वापरायला सुरुवात झाली. गोळी बाटलीभर पाण्यात विरघळवायची, बुडी मारून प्रवाळाच्या फटीत फवारायची, गुंगलेला मासा हातानं उचलायचा. काही मासे तिथंच मरतात, आसपासचा प्रवाळही मरतो. जे मासे वाचतात ते दिसायला ठणठणीत असतात आणि काही आठवड्यांनी टँकमध्ये दगावतात. यातली खरी लबाडी ही, की तोवर मासा तीन-चार हात फिरलेला असतो. गिऱ्हाईक स्वतःच्या पाण्याला, फिल्टरला दोष देतं आणि दुसरा मासा आणतं.

माशांपाठोपाठ प्रवाळही टँकमध्ये आला. ली चिन एंग या इंडोनेशियातल्या हौशी माणसानं १९६१ मध्ये जिवंत खडक वापरून टँक चालवायची पद्धत मांडली. खडकातले जिवाणूच पाणी साफ ठेवतात. पद्धत उत्तम, पण तो खडक रीफवरूनच, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळाच्या खडकांवरूनच, फोडून आणायचा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २००३ मधल्या अहवालानं पहिल्यांदा या व्यापाराचा आकडा नीट मांडला : वर्षाला २ ते २.४ कोटी सागरी मासे आणि १.१ ते १.२ कोटी प्रवाळाचे तुकडे. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभेचे मासे तळ्यात वाढवलेले असतात. खाऱ्या पाण्यात उलट, बहुतेक पकडलेलेच. सुलावेसीजवळच्या बंगाई बेटांवरचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कार्डिनल मासा या हौसेपायी इतका पकडला गेला, की २००७ मध्ये त्याची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. त्याचा नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं मोजकीच होतात. एवढा उपसा त्याला कसा झेपणार? दुसरी बाजूही आहे. जाळ्यानं, जपून मासे पकडणाऱ्या कोळ्याला रीफ जिवंत राहण्यातच फायदा असतो. पण धुळ्याच्या दुकानात उभं राहून मासा जाळ्याचा की विषाचा, हे ओळखायचं कसं?

भारतानं २००१ मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि सीहॉर्स वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. वाघ ज्या अनुसूचीत, त्याच. आपल्या समुद्रातला प्रवाळ तोडून विकणं हा गुन्हा आहे, आणि ‘पार्सलनं मागवून देतो, भाऊ’ म्हणणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

खान्देशाची स्वतःची अडचण मात्र कायद्याची नाही, मे महिन्याची आहे. प्रवाळातल्या माशांना २४ ते २६ अंशांचं पाणी लागतं आणि आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो. पाणी थंड करणारा चिलर लावला तर तो पाण्यातली उष्णता खोलीत ओततो. मग खोलीला एसी. वीज गेली की पंप थांबतो, आणि कोमट खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. काही जण टँकवर पंखा लावतात. कोरड्या हवेत पाणी उडून गारवा मिळतो, आपल्या कूलरचंच तत्त्व. पण उडतं ते पाणी, मीठ मागं राहतं. रोज गोडं पाणी घालून खारटपणा जुळवावा लागतो. ते पाणी बोअरचं चालत नाही, आरओचं लागतं, आणि घरगुती आरओ एका बादलीमागं दोन-तीन बादल्या बाहेर टाकतो. नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब माशाच्या किमतीआधी करायला हवा. वर दर महिन्याला बदललेलं खारं पाणी झाडांना घालता येत नाही, ते वेगळंच. माझं मत विचाराल तर इथं मोठा रीफ टँक ही चैन आहे. लहान, फक्त माशांचा टँक जेमतेम समर्थनीय.

तोही मासा हॅचरीचा, म्हणजे पैदास केंद्रात जन्मलेला असेल तर. इथल्या केळीवाल्याला हे समजावून सांगावं लागत नाही : बागेतला कंद उपटून लावण्याऐवजी टिश्यू कल्चरचं रोप आणावं, तसंच हे. क्लाउन फिश त्यात सोपा निघाला. तो खडकावर अंडी चिकटवतो, नर राखण करतो, आठवड्याभरात पिल्लं निघतात आणि रोटिफर नावाचे पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन वाढतात. अमेरिकेत १९७०च्या दशकातच ते व्यापारी पातळीवर जमलं. आपल्याकडं केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं तंत्र बसवलं. राज्याच्या मँग्रोव्ह फाउंडेशननं ऐरोलीला हॅचरी उभारली आणि किनारी भागातल्या लोकांना पिल्लं वाढवायला दिली.

टँग या प्रवाळातल्या दुसऱ्या लोकप्रिय माशाचं गाडं मात्र अडलेलं राहिलं. त्याची बारीक अंडी उघड्या पाण्यात तरंगतात, पिल्लांना सुरुवातीला रोटिफरही तोंडात मावत नाहीत आणि ती कित्येक आठवडे खुल्या समुद्रात वाहत राहतात. पिवळा टँग हवाईत २०१५ मध्ये आणि निळा फ्लोरिडात २०१६ मध्ये कृत्रिमरीत्या वाढवता आला, पण असे मासे अजून मोजके आणि महाग आहेत. त्यामुळं आपल्याकडच्या दुकानात स्वस्तात दिसणारा टँग समुद्रातून पकडलेलाच आहे असं धरून चालावं.