घुसळणारं मशीन आणि आपटणारं मशीन

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनहून जर्मनीत म्युनिकला आल्यावर पहिल्याच शनिवारी साडेनऊला धुणं लावलं आणि भाजी आणायला बाहेर पडलो. परत आलो, भाजी निवडली, कुकर लावला, तरी मशीन आपलं फिरतंच आहे. पडद्यावर अजून एक तास दहा मिनिटं. नवीनच घेतलेलं, म्हणजे दुकानदाराने टोपी घातली असं वाटून मी शेजारच्या आजींचं दार वाजवलं. त्यांनी बटणाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "कॉटन 60 लावलंय ना, मग वेळ लागणारच." न्यू जर्सीत सगळं धुणं पाऊण तासात उरकायचं, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि स्वच्छ निघायचं?"

प्रश्न खोचक होता, पण चुकीचा नव्हता.

नाव दोन्हीकडे वॉशिंग मशीनच. तरी अमेरिकेतलं नेहमीचं टॉप लोड आणि युरोपातलं फ्रंट लोड यांच्या कामाच्या पद्धती वेगळ्या आहेत. जुन्या पठडीतल्या अमेरिकन मशीनच्या मधोमध एक उभा खांब असतो, ताकातल्या रवीसारखा. टब पाण्याने भरतो, कपडे त्यात तरंगतात आणि रवी त्यांना इकडून तिकडे घुसळते. युरोपियन मशीनचा ड्रम आडवा. तळाशी जेमतेम पाणी, कपडे ड्रमबरोबर वर जातात आणि धपकन खाली पडतात, म्हणजे नदीकाठी दगडावर धुणं आपटायचं तेच, फक्त हलक्या हाताने. घुसळायला पाणी भरपूर लागतं. जुनी टॉप लोड मशीनं एका धुण्याला दीडशे लिटरपर्यंत पाणी पीत. आताच्या फ्रंट लोडला पन्नासच्या आसपास पुरतं.

गंमत म्हणजे घरगुती स्वयंचलित फ्रंट लोड 1937 मध्ये अमेरिकेतच पुढे आणलं ते बेंडिक्स कंपनीने. ते इतकं थरथरायचं की जमिनीला बोल्टने आवळून ठेवावं लागे. नंतर अमेरिका टॉप लोडकडे वळली. आता तिथेही फ्रंट लोड भरपूर दिसतात, पण भाड्याच्या घरांत अजून रवीवाल्याची गाठ पडतेच.

वेळेचं कोडं मात्र ड्रमपेक्षा भिंतीतल्या प्लगने सुटतं. अमेरिकन मशीनच्या मागे दोन नळ्या असतात, एक गार पाण्याची, एक गरम. गरम पाणी तळघरातल्या मोठ्या टाकीतून आयतं येतं. मशीन स्वतः पाणी तापवत नाही, किंवा काही महागड्या मॉडेलांत थोडंफार तापवतं. युरोपियन मशीनला बहुधा एकच नळी, गार पाण्याची. पाणी तापवायची कॉइल त्याच्या पोटात, साधारण 2000 वॉटची.

हिशेब करून बघा. मुख्य धुण्याचं पंधरा लिटर पाणी 15 अंशांवरून 60 वर न्यायला पाऊण युनिटभर वीज लागते. 230 व्होल्टच्या प्लगवर 2000 वॉटची कॉइल हे काम पंचवीस मिनिटांत करते. अमेरिकेतला साधा प्लग 120 व्होल्ट, 15 अँपियरचा, म्हणजे कमाल 1800 वॉट, आणि सलग वापरायचे तर 1440 च्या आसपास. त्यातच मोटरही चालवायची. शिवाय टॉप लोडमध्ये पाणीच तिप्पट. म्हणून तिथे पाणी आधीच तापवून टाकीत ठेवलेलं परवडतं. अमेरिकेतल्या घरांत 240 व्होल्ट नसतात असं नाही. असतात, पण ते ड्रायरला आणि शेगडीला दिलेले.

इथेच नव्या माणसाची पहिली फसगत होते. एडिसनच्या मशीनवर तीन शब्द असायचे: हॉट, वॉर्म, कोल्ड. अंश नाहीत. हॉट म्हणजे टाकीत जे असेल ते. टाकी सहसा 120 फॅरनहाइटवर ठेवतात, म्हणजे आपल्या 49 अंशांवर. त्यातही नळीत अडकलेलं गार पाणी आधी येणार, मग कपड्यांनी आणि लोखंडाने थोडी ऊब खाल्ली की उरतं ते कोमटाच्या वरचं काहीतरी. कोल्ड तर हवामानावर सोडलेलं. जानेवारीत न्यू जर्सीच्या नळाला इतकं गार पाणी येई की पावडरचे खडे तसेच कपड्यांना चिकटून बाहेर पडत. तिकडे लोक द्रव साबण का वापरतात, ते मला त्या हिवाळ्यात कळलं.

म्युनिकच्या बटणावर मात्र आकडे: 20, 30, 40, 60, 90. कपड्याच्या आतल्या पट्टीवरही टबच्या चित्रात तेच आकडे. अमेरिकन पट्टीवर त्या जागी बहुधा ठिपके असतात. एक ठिपका 30, दोन 40, तीन 50. माझ्या बायकोने तीन ठिपके म्हणजे तीनदा धुवायचं असा अर्थ काढला होता. मीही मान डोलावली होती, हे इथे नोंदवतो.

आता आजींच्या प्रश्नाकडे. हेंकेल कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट झिनर यांनी 1959 मध्ये धुण्याचा एक हिशेब मांडला: साबण, उष्णता, वेळ आणि रगडणं, या चार गोष्टींची बेरीज हवी तेवढी झाली पाहिजे. एक कमी केली की दुसरी वाढवायची. अमेरिकन मशीन रगडण्यावर भर देतं आणि वेळ वाचवतं. युरोपियन मशीन पाणी आणि वीज वाचवायला वेळ खर्च करतं. मार्च 2021 पासून युरोपात मशीनवर ए ते जी असं वीजवापराचं नवं लेबल आलं आणि त्याबरोबर 'इको 40-60' हा प्रोग्रॅम. 40 चे आणि 60 चे कपडे एकत्र घालायचे आणि साडेतीन तास विसरून जायचं. नाव वाचून पाणी 60 अंशांचं होत असेल असं वाटतं, पण बरेचदा ते त्याहून खालीच राहतं. वीज वाचते ती तिथेच.

रवीचा मार कपड्यांना सोसत नाही, हा माझा अनुभव. आईने दिलेली एक सुती साडी एडिसनच्या खांबाला अशी पिळवटून बसली की सोडवायला दोघं लागलो. काठ उसवला तो उसवलाच. म्युनिकच्या ड्रममधून साडी जाळीच्या पिशवीत घालून धुतली तर नीट निघते. उलट बाजूही सांगायला हवी: सुरू झालेल्या टॉप लोडमध्ये राहिलेला मोजा झाकण उघडून टाकता येतो. फ्रंट लोडचं दार एकदा लागलं की मोजा पुढच्या आठवड्यापर्यंत थांबतो.

साबणाचं गणित वेगळंच. जर्मनीत पाकिटावर मऊ, मध्यम आणि जड पाण्यासाठी वेगवेगळी मापं छापलेली असतात. म्युनिकचं पाणी चांगलंच जड. माप कमी पडलं तर कॉइलवर क्षाराचं कवच चढतं, त्याला सायट्रिक ॲसिड दाखवावं लागतं. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरमध्ये ब्लीच आधीच मिसळलेलं असतं, रंगीत कपड्यांच्या साबणात आणि द्रव साबणात नसतं. अमेरिकेत क्लोरीनचं ब्लीच वेगळं बाटलीतून ओततात. ती सवय घेऊन मी इथे आलो आणि पावडर 'धुणं ते धुणं' म्हणून सगळ्याला वापरली. निळा कुर्ता आता आकाशी आहे.

वाळवण्यात तर दोन खंडांचं मुळीच पटत नाही. अमेरिकेत ड्रायर गृहीत धरलेला असतो, गरम हवा चार इंची नळीतून घराबाहेर फेकणारा. जाळीतला बोळा दर वेळी काढायचा, नाहीतर आग लागायची भीती. माझ्या इमारतीत तळघरात सामायिक मशीनं होती, क्वार्टर टाकून चालणारी, म्हणून महिन्याला बँकेतून चाळीस नाण्यांचा पुडका आणावा लागे. गॅलरीत दोरी बांधायला मनाई होती. अमेरिकेत अनेक वसाहतींचे असे नियम आहेत, फ्लोरिडासारख्या काही राज्यांत मात्र कायद्यानेच अशी बंदी घालता येत नाही.

इथे मशीन मिनिटाला 1400 फेऱ्यांनी पिळतं, कपडे नुसते दमट निघतात, आणि घडीच्या स्टँडवर एका रात्रीत वाळतात. मशीन साठ सेंटीमीटर रुंद, ओट्याखाली मावणारं. पण आमच्या इमारतीच्या नियमावलीत रात्री दहानंतर आणि रविवारी धुणं लावायचं नाही. तीन तासांचं मशीन आणि कामाचा आठवडा यांचा मेळ घालताना शनिवार पूर्ण जातो.

भारतातून थेट युरोपात येणाऱ्यांना हे सोपं जाईल. आपल्याकडचा प्लगही 230 व्होल्टचा, पुण्यातल्या फ्रंट लोडमध्येही अशीच कॉइल. अमेरिकेतून येणाऱ्याने तिकडचं मशीन कंटेनरमध्ये घालून आणायचा विचार सोडून द्यावा. व्होल्टेज जुळत नाही, हर्ट्झ जुळत नाहीत, आणि दुसरी नळी जोडायला गरम पाण्याचा नळच नसतो. आणि इथे नवीन घेतलंत तर मागचे वाहतुकीचे तीन-चार बोल्ट काढल्याशिवाय सुरू करू नका. ते ड्रम जागच्या जागी धरून ठेवायला असतात. आमच्या मजल्यावरच्या एका पंजाबी मुलाने ते तसेच ठेवले, आणि त्याचं मशीन स्वयंपाकघरातून निघून दारापर्यंत चालत गेलं.

राहिला हळदीचा डाग. साबण लागला की तो लाल होतो. तिकडे घाबरून मी कपडा हॉटवर फिरवून ड्रायरमध्ये टाकत असे, आणि डाग कायमचा मुक्कामाला येई. हळदीचा रंग उन्हात उडतो, हे आईला कुठलंच मशीन नसताना ठाऊक होतं. गेल्या जुलैत वरणाने माखलेली उशीची खोळ 40 वर धुतली आणि गॅलरीतल्या स्टँडवर उलटी टाकली. आजी खालून जाताना वर बघून म्हणाल्या, "पिवळं राहिलंय." संध्याकाळी त्यांना बोलावून दाखवली.